माझगावचा नसलेला किल्ला

डॉकयार्ड रोड स्थानकालगतच्या भंडारवाडा टेकडीवर किल्ला होता, हे सांगूनही विद्यार्थ्यांना पटत नाही. सिद्दी याकूतखानाने १६९० मध्ये जाता जाता तो उद्ध्वस्त केला. आज तिथे जलाशय आणि जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा माझगावचेच. नावाबद्दल आमची तक्रार नाही. परंतु जपानात कोमोरो किल्ल्याच्या अवशेषांवरील बागेचे नावच ‘काइकोएन’, म्हणजे गतकाळाच्या स्मरणाचे उद्यान. आपल्याकडे किल्ला म्हटला की शिवकाल आणि सह्याद्री (ऐतिहासिक कादंबरीचा यात वाटा आहेच). त्यामुळे सिद्दी-इंग्रज झगड्यातला हा किल्ला कोणाचाच उरला नाही. मुंबईतल्या मराठी विभागांनी सहल रायगडाला जरूर न्यावी, पण आधी इथे यावे. लोकलने येता येते.