युक्रेनी नातेवाइकांसाठी आपत्कालीन कौटुंबिक व्हिसा सुरू करण्याबाबत निवेदन

दिनांक : 1 डिसेंबर 2025

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, पुणे

विषय : भारतीय नागरिकांच्या युक्रेनी आप्तांना युद्ध संपेपर्यंत भारतात कायदेशीर वास्तव्याची सोय मिळण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात राहणारी आणि घरात एक तरी युक्रेनी माणूस असलेली आम्ही कुटुंबे हे निवेदन सादर करत आहोत. आमच्यापैकी बरेच जण वैद्यकीय शिक्षणासाठी खार्किव, ओडेसा, विनित्सिया इथे गेले होते आणि काहींची लग्ने तिकडेच जमली. सुना आल्या, एक-दोन घरांत जावईही आले. कागदपत्रांच्या अडचणी तेव्हाही होत्या, पण दोन खेपा घातल्या की सुटायच्या. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर त्या तशा सुटत नाहीत.

हे निवेदन लिहिणाऱ्याच्या घरचेच सांगतो. माझ्या सासूबाई खेरसोनच्या. वय 71, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त. 11 नोव्हेंबर 2022 रोजी शहर युक्रेनच्या ताब्यात परत आले तेव्हा आम्हाला वाटले, सुटलो. पण रशियन तोफा निप्रो नदीच्या पलीकडच्या काठावर तशाच राहिल्या, आणि 6 जून 2023 ला काखोव्का धरण फुटले तेव्हा शहराच्या सखल भागात पाणी भरले. शेवटी त्या बसने ओडेसाला, तिथून मोल्दोव्हात, किशिनाऊहून इस्तंबूल आणि मग मुंबई अशा आल्या. युक्रेनमधून विमान उडतच नाही, त्यामुळे दुसरा रस्ता नव्हता. सोबत एक पिशवी, औषधे आणि नवऱ्याचा फोटो.

त्या आल्या ई-टुरिस्ट व्हिसावर, कारण दुसरा कोणता मिळेल हे कुणालाच सांगता आले नाही. पर्यटक म्हणून आलेल्या या बाईंनी आजवर शनिवारवाडाही पाहिलेला नाही. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही. सकाळी मंडईतून आणलेले बीट किसत त्या स्वयंपाकघरात बसतात आणि समोर कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केलेली तारीख असते. तो गोल मी केला, व्हिसाची मुदत विसरू नये म्हणून. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण त्या गोलाचा अर्थ त्यांना कळतो. एकदा त्यांनी पान उलटून ठेवले होते.

ई-टुरिस्ट व्हिसावर वर्षातून 180 दिवसांपलीकडे राहता येत नाही. तो वाढवून मिळत नाही, दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. एका कार्यालयाच्या खिडकीशी आम्ही तासभर उभे होतो. आतल्या गृहस्थांनी फाईल शांतपणे वाचली आणि म्हणाले, तुमची अडचण खरी आहे, पण यासाठी आमच्याकडे रकाना नाही. त्यांचा दोष नाही. रकाना खरोखरच नाही.

भारतीय नागरिकाच्या परदेशी पती किंवा पत्नीला एन्ट्री व्हिसा मिळतो आणि नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षे झाली की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. मुलांचीही सोय आहे. पण पत्नीची आई आमच्या कायद्याच्या लेखी कुणीच नाही, आणि पत्नीचा पहिल्या लग्नाचा मुलगाही नाही. ज्या समाजात लग्न दोन माणसांचे नव्हे तर दोन घरांचे होते असे आपण सांगतो, त्या समाजाच्या नियमपुस्तकात सासू सापडू नये, हे जरा अवघडच आहे.

ब्रिटनच्या नियमात मात्र ती सापडली होती. 4 मार्च 2022 रोजी सुरू झालेल्या त्यांच्या युक्रेन फॅमिली स्कीममध्ये आईवडील, आजीआजोबा, भाऊबहीण यांच्या जोडीला सासूसासरेही होते. ती योजना 19 फेब्रुवारी 2024 ला बंद झाली. कॅनडाने 17 मार्च 2022 पासून शुल्क न घेता तीन वर्षांपर्यंत राहण्याची आणि काम करण्याची मुभा दिली. कुटुंबीयांचे नागरिकत्व कोणते, हे पाहिले नाही. बाहेरून नवे अर्ज घेणे तिथेही जुलै 2023 मध्ये थांबले. अमेरिकेत प्रायोजकाच्या हमीवर दोन वर्षांचा प्रवेश मिळत असे, जानेवारी 2025 मध्ये नव्या अर्जांना तिथेही खीळ बसली. युरोपीय संघाने 2001 पासून कधीही न वापरलेला तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश 4 मार्च 2022 ला पहिल्यांदा लागू केला आणि त्याची मुदत आता 4 मार्च 2027 पर्यंत आहे.

मग युरोपात जा, असे कुणी म्हणेल. म्हणतातही. पण ज्या बाईंची एकुलती एक मुलगी कोथरूडला आहे, त्यांनी सत्तरीत पोलंडच्या एखाद्या गावी एकटीने खोली घेऊन राहायचे कशासाठी? संरक्षण म्हणजे नुसते डोक्यावर छप्पर नव्हे, रात्री गोळी द्यायला जवळ माणूस लागते.

भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, हे आम्ही जाणतो. आम्ही निर्वासिताचा दर्जा मागत नाही. जे भारत सरकारने आधी केले आहे, तेच आम्ही मागतो आहोत. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर दोन दिवसांत आपल्याच मंत्रालयाने अफगाण नागरिकांसाठी ‘ई-इमर्जन्सी एक्स-मिस्क व्हिसा’ हा नवा प्रकार काढला. रकाना नव्हता, तो तयार केला. 1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, 2025 लागू झाला, त्याच दिवशी सूट देणारा आदेशही निघाला आणि त्यात तिबेटी व श्रीलंकन तमिळ यांच्यासह काही गटांना अटींसह सवलत मिळाली. म्हणजे कायद्यात दार आहे आणि किल्ली मंत्रालयाकडेच आहे.

ऑपरेशन गंगामध्ये 90 विमानफेऱ्यांनी सुमारे 22,500 भारतीय युक्रेनमधून परत आले. परराष्ट्रमंत्र्यांनी मार्च 2022 मध्ये संसदेत याची माहिती दिली, तेव्हा भारतीयांचे कुटुंबीय असलेल्या अनेक युक्रेनी नागरिकांनाही बाहेर काढल्याचे सांगितले होते. विमानात बसवताना जी माणसे कुटुंबातली होती, ती इथे उतरल्यावर पर्यटक कशी झाली, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तरी आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की अफगाण नागरिकांसाठी काढलेल्या व्हिसाच्या धर्तीवर भारतीय नागरिक व ओसीआय कार्डधारक यांच्या युक्रेनी आप्तांसाठी आपत्कालीन कौटुंबिक व्हिसा सुरू करावा. मुदत किमान एक वर्ष असावी आणि युद्ध चालू असेपर्यंत ती इथूनच वाढवून मिळावी. आप्त म्हणजे कोण हे आदेशातच स्पष्ट लिहावे : पती किंवा पत्नीचे आईवडील, आजीआजोबा, अज्ञान भावंडे आणि सावत्र मुले. व्याख्या मोघम ठेवली की प्रत्येक कार्यालय आपापला अर्थ लावते, हा अनुभव सगळ्यांना आहे.

जे आधीच इथे आहेत त्यांना या व्हिसात जाण्यासाठी देशाबाहेर पाठवू नये. नव्या कायद्यानुसार मुदतीपलीकडे राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. धोरण ठरेपर्यंत या आप्तांवर अशी कारवाई होणार नाही, असा अंतरिम आदेश काढावा. ही मागणी दुसरी असली तरी वेळेच्या दृष्टीने पहिली समजावी.

पासपोर्टचा प्रश्न वेगळा आहे आणि तो जावयांना अधिक छळतो. 2024 च्या एप्रिल-मेपासून लष्करी वयाच्या युक्रेनी पुरुषांना लष्करी नोंदणी अद्ययावत केल्याशिवाय परदेशातल्या वकिलातीत नवा पासपोर्ट मिळत नाही. पासपोर्ट संपला की व्हिसा अडतो, व्हिसा अडला की नोकरी जाते. आमच्यातल्या एका घरातली मुलगी इथली, जावई तिथला आणि दोन मुले इथे शाळेत जाणारी. त्या घरात कॅलेंडरवर दोन गोल आहेत. मुदत संपलेल्या, किंवा 2022 मध्ये युक्रेनने शिक्का मारून मुदत वाढवलेल्या पासपोर्टवरही वास्तव्याची परवानगी द्यावी आणि ती देताना त्या देशाच्या लष्करभरतीच्या वादात आपण पडू नये.

मारिऊपोलसारख्या रशियन ताब्यातल्या शहरांतून विवाहाची किंवा जन्माची मूळ प्रत आणणे शक्य नाही. तेथे दुय्यम पुरावा, प्रतिज्ञापत्र आणि युक्रेन सरकारच्या ‘दिया’ अ‍ॅपमधील नोंद ग्राह्य धरावी. शुल्क माफ झाले तर बरेच, पण त्यासाठी बाकीचे अडवून ठेवू नये.

मा. जिल्हाधिकारी महोदयांना विनंती की हे निवेदन केवळ आवक क्रमांक देऊन पुढे न पाठवता, आपल्या शिफारशीसह पाठवावे, तसेच जिल्ह्यात अशी किती कुटुंबे आहेत याची नोंद परदेशी नागरिक नोंदणी शाखेकडून घ्यावी. आम्ही कुणी मोर्चा काढणारी माणसे नाही. हा युद्धातला चौथा हिवाळा आहे. खेरसोनला वीज असते-नसते, आणि आमच्या घरातला लाल गोल 19 डिसेंबरवर आहे. त्याआधी निदान अंतरिम आदेशाबाबत लेखी उत्तर मिळावे.

कळावे,

आपले विश्वासू,
सह्या करणारी कुटुंबे, पुणे व पिंपरी-चिंचवड

सोबत : सह्यांची यादी, पासपोर्ट, व्हिसा व विवाह नोंदणीच्या छायाप्रती.

प्रत माहितीस्तव : मा. पोलीस आयुक्त, पुणे शहर.