उजळायला आठवडा, कळायला महिने

भंडारदऱ्याच्या परिसरातील तरुण मुलीचा आठवडा बाजाराच्या दिवसाभोवती फिरतो. राजूरच्या आठवडे बाजारात घरचे तेल-मीठ, भाजी, भावंडांची वही-पेन झाले की उरलेल्या पैशांत तिची स्वतःची खरेदी होते. एखादी ओढणी, केसांच्या क्लिपा, नेलपॉलिश आणि हल्ली हमखास चेहऱ्याला लावायची क्रीम. मे-जूनमध्ये काजवे पाहायला आणि पावसाळ्यात धबधबे पाहायला पर्यटक येतात. त्या दिवसांत तंबू, खानावळी, हॉटेले यांत काम मिळते आणि हातात स्वतःच्या कमाईचे चार पैसे खुळखुळतात. संध्याकाळी मालिका असते. रात्री रेंज मिळाली तर मोबाइलवर ‘या आठवड्यातील माझ्या आवडत्या वस्तू’ सांगणाऱ्या मुलींचे व्हिडिओ असतात. कोणता कुर्ता घेतला, कोणती लिपस्टिक लावली, कोणती मालिका पाहिली, याची ती यादी. काही जणी स्वतःही असे व्हिडिओ करू लागल्या आहेत.

यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. आवणीच्या चिखलात दिवसभर वाकून भात लावणाऱ्या मुलीला नटावेसे वाटले, तर त्यावर व्याख्यान झोडण्याचा अधिकार कोणालाच नाही. शिवाय ही मुलगी खरेदी आंधळेपणाने करत नाही. ओढणीचा रंग जाईल का, हे ती कापड ओले करून पाहते. भाव पाडून घेते. मैत्रिणीला विचारते. क्रीमच्या बाबतीत मात्र ही सगळी चोखंदळ पारख निकामी ठरते. कारण क्रीमचा गुण आठवड्यात दिसतो आणि दोष कळायला महिने लागतात.

गुण खरा, म्हणूनच फसगत

बिनलेबलाची किंवा अर्धवट लेबलाची क्रीम आठ-दहा दिवसांत चेहरा खरोखर उजळवते. शिफारस करणारी मैत्रीण खोटे बोलत नसते. व्हिडिओतली मुलगीही पुष्कळदा खोटे बोलत नसते. तिने सात दिवस क्रीम लावली, फरक दिसला आणि तिने तो दाखवला. फसवणूक तिच्या बोलण्यात नाही, सात दिवसांच्या मोजमापात आहे.

त्वचेचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. ते तयार करण्यासाठी त्वचेतील पेशी टायरोसिनेज नावाचे विकर वापरतात आणि या विकराचे काम तांब्याच्या अणूंवर चालते. पाऱ्याची संयुगे हे विकर बंद पाडतात. मेलॅनिन बनणे मंदावले की रंग फिकट होतो. हा परिणाम झटपट आणि स्वस्तात मिळतो, म्हणून बेकायदा क्रीम बनवणाऱ्यांना पारा सोयीचा वाटतो.

पण पारा चेहऱ्यावर थांबत नाही. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथे रक्त गाळणाऱ्या चाळणीला इजा झाली की शरीरातील प्रथिने लघवीवाटे गळू लागतात. सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी पायांवर सूज, लघवीला न विरणारा फेस, वजन वाढल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. दुखत काहीच नाही. सूज जागरणाच्या खाती जमा होते, पायांची सूज उभ्याने केलेल्या कामाच्या. चेहऱ्यावरच्या क्रीमचा आणि पायांवरच्या सुजेचा संबंध असेल, अशी शंका घरात कोणालाही येत नाही. पुष्कळदा डॉक्टरलाही येत नाही.

अकोला ते केरळ

हा धोका पुस्तकातला नाही. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघी जणींना, आई आणि तिच्या दोन मुलींना, पाठोपाठ मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे २०२३ मध्ये समोर आले. एकाच घरात तिघींना एकच आजार कसा, या प्रश्नाचा माग मुंबईच्या केईएम रुग्णालयात लागला. तिघी एकच क्रीम वापरत होत्या आणि त्या क्रीममध्ये पारा निघाला.

केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी’ या आजाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यातील १५ जणांत या आजाराचा एक विरळा प्रकार आढळला. त्या १५ पैकी १३ जणांनी रंग उजळवणारी क्रीम वापरल्याचे सांगितले. हे निष्कर्ष मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत. त्यातली दिलासा देणारी बाब अशी, की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात आला. गंभीर बाब अशी, की एका रुग्णाच्या मेंदूतील शिरेत रक्ताची गुठळी झाली. प्रथिने गळण्याच्या आजारात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, त्याचा हा परिणाम.

पाऱ्याचा त्रास वापरणाऱ्या व्यक्तीपुरताही राहत नाही. तो टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला लागतो, घरातल्या हवेत मिसळतो आणि क्रीमला हातही न लावलेल्या लहान मुलांच्या शरीरात जाऊ शकतो. गर्भवतीच्या शरीरातून तो वारेतून बाळापर्यंत पोहोचतो.

दुसरा धोका मेडिकल दुकानातल्या ट्यूबचा. स्टेरॉइडयुक्त मलमे काही त्वचाविकारांवर गुणकारी असतात. पण ती रोगासाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांपुरती असतात. गोरेपणासाठी रोज लावली की सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात, लव वाढते, उन्हात गेले की आग होते. मलम थांबवले की चेहरा लालबुंद होतो, म्हणून मुलगी ते पुन्हा लावते आणि या चक्रात अडकते. देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक शहरांत मिळून केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड मलम लावत असल्याचे आढळले. त्यातील निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरने सांगितलेलेच नव्हते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली. तरीही चेहऱ्याला लावायला काहीतरी द्या म्हटले की काउंटरवरून ट्यूब मिळते, हा अनुभव गावोगावचा आहे.

रंगाचा रकाना

मुली गोरेपणाच्या मागे का लागतात, असे विचारणाऱ्यांनी आपल्याच घरातला विवाहाचा बायोडेटा काढून पाहावा. उंची, शिक्षण, रास, गण यांच्या शेजारी ‘वर्ण’ हा रकाना असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ अशी उतरंड असते. सावळी किंवा काळी हा शब्द त्या रकान्यात सहसा लिहिला जात नाही. गव्हाळ म्हणून वेळ मारून नेली जाते. मुलगी हे पाहत वाढते. पाहुणे बघायला येणार असे ठरले की दोन महिन्यांत उजळायचे, हे गणित तिने स्वतः मांडलेले नसते.

दूरचित्रवाणीचाही यात वाटा आहे. गोरेपणाची क्रीम १९७५ पासून या देशात जाहिरातींतून घरोघरी पोहोचली. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द जायला २०२० उजाडले. सावळ्या माणसांना दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, असे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०१४ मध्ये सांगितले. मराठीत ‘रंग माझा वेगळा’ ही सावळ्या नायिकेची मालिका २०१९ ते २०२३ अशी जवळपास चार वर्षे चालली. विषय चांगला होता. पण नायिकेला सावळी दाखवण्यासाठी उजळ वर्णाच्या अभिनेत्रीला गडद मेकअप करावा लागला. सावळ्या मुलीची गोष्ट सांगतानाही पडद्यावर सावळ्या मुलीला जागा मिळाली नाही, हे सह्याद्रीच्या उन्हात काम करणाऱ्या मुलींच्या नजरेतून सुटत नसेल.

उन्हाने रापणे हा आजार नाही. त्वचेने स्वतःच्या रक्षणासाठी धरलेली ती छत्री आहे. बाळंतपणानंतर गालांवर येणारा वांग किंवा अचानक उठलेले डाग यांवर उपचार असतात. पण ते निदान झाल्यावर.

तिने काय पाहावे, इतरांनी काय करावे

काही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी नसेल, तर ती क्रीम चेहऱ्याला लावू नये. परदेशी क्रीमवर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. घटकांत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक किंवा मर्क्युरिओ असे शब्द दिसले तर तो पाराच. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तरीही तेच समजावे, कारण पारा या धातूंना धरतो. ट्यूबच्या डाव्या बाजूला लाल उभी रेघ असेल, तर ते सौंदर्यप्रसाधन नसून चिठ्ठीवरचे औषध आहे. आणि कोणत्याही क्रीमने आठवड्यात रंग दोन छटा उतरला, तर आनंदाऐवजी शंका यावी.

अशी क्रीम वापरात असेल तर ती थांबवावी आणि डबी फेकून न देता सोबत घेऊन सरकारी रुग्णालयात जावे. तपासायला ती डबीच लागते. लघवीतील प्रथिनांची साधी तपासणी काही मिनिटांत होते आणि तिला खर्चही फारसा येत नाही. स्टेरॉइडचे मलम मात्र बरेच महिने लावले असेल, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करावे.

एवढे सांगून सगळी जबाबदारी मुलीवर ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. पारा डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. राजूरच्या बाजारात उभी असलेली मुलगी तो ओळखू शकत नाही आणि बेकायदा क्रीम बनवणारा डबीवर खरे लिहील याची खात्रीही नाही. म्हणून हे काम तिचे नव्हेच. भारताने पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१८ मध्ये स्वीकारला. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये मुद्दाम पारा घालता येत नाही आणि अनवधानाने आलेला अंशही दशलक्ष भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. कायदा आहे, नमुने कोण घेणार, हा प्रश्न आहे. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२३ मध्ये ‘ऑपरेशन सौंदर्य’ या नावाने बाजारातल्या प्रसाधनांचे नमुने तपासले आणि माल जप्त केला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तशीच मोहीम मॉलपासून नव्हे, तर तालुक्यांच्या आठवडे बाजारांपासून आणि गल्लीतल्या पार्लरपासून सुरू करावी. बिनलेबलाचा माल तिथेच खपतो.

डॉक्टरांनीही आपल्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवावा. सूज घेऊन आलेल्या तरुणीला वेदनाशामक गोळ्या, काढे, भस्मे यांविषयी विचारले जाते. चेहऱ्याला काय लावता, हेही विचारावे. आणि तो प्रश्न ओरडून नव्हे, साधेपणाने विचारावा. ओशाळलेली मुलगी क्रीमचे नाव सांगत नाही आणि नाव न कळल्याने निदान लांबते.

व्हिडिओ करणाऱ्या मुलींकडून मोठी अपेक्षा नाही. जाहिरातीसाठी पैसे घेतले असतील तर तसे सांगणे आता बंधनकारकच आहे. त्यापलीकडे ओढणी, कानातले, मालिका यांची यादी दर आठवड्याला खुशाल करावी. क्रीम मात्र त्या यादीतून वगळावी. घरच्यांनी आपल्या वाट्याचे एवढे करावे, की बायोडेटातला वर्णाचा रकाना खोडावा. त्याला पैसे लागत नाहीत, परवाना लागत नाही, आणि मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ टाळण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.