पडदा वेगळा घ्या, डबी वेगळी

सोयाबीन बाजार समितीत विकलं, हातात चार पैसे आले, की वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजाच्या दुकानांसमोर टीव्हीची खोकी रचलेली दिसू लागतात. आपल्या जिल्ह्यात टीव्ही घ्यायचा हंगाम हाच. त्या खोक्यांवरची नावं मात्र गेल्या सात-आठ वर्षांत पार बदलली. एके काळी ओनिडा, व्हिडिओकॉन, बीपीएल असायचं. आता ज्या कंपनीचा मोबाइल खिशात असतो, तिचंच नाव टीव्हीच्या कपाळावर असतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्यामुळे एरवी ३२ इंचीवर थांबणारं घरही आता ४३ इंचीची किंमत विचारतं. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, छोट्या दुकानदाराच्या घरात हा वर्षातला मोठा खर्च असतो, म्हणून हे लिहितो आहे.

मोबाइल-कॉम्प्युटरवाल्या कंपनीने टीव्ही बनवावा का, आणि आपण तो घ्यावा का? माझं उत्तर सरळ आहे. त्यांनी टीव्हीला जोडायची डबी बनवावी, पडदा पडदेवाल्यांवर सोडावा. आणि त्यांनी टीव्ही बनवलाच, तर आपण तो पडदा म्हणून पारखून घ्यावा. आतल्या कॉम्प्युटरवर भाळून घेऊ नये.

असं का म्हणतो ते कळायला दुरुस्तीच्या दुकानात मागचं झाकण काढलेला एक एलईडी टीव्ही नीट बघा. सगळ्यात पुढे असतं पॅनेल. त्याच्यामागे उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या. एका अंगाला पॉवर सप्लाय, पॅनेलला चित्र पोचवणारं टी-कॉन नावाचं अरुंद सर्किट, आणि शेजारी हातभरही नसलेला मेन बोर्ड. ‘स्मार्ट’ म्हणून जे काही विकलं जातं ते सगळं त्या एवढ्याशा बोर्डात आहे. किमतीचा मोठा वाटा मात्र पॅनेलचा. म्हणूनच पॅनेल फुटलं तर कारागीर झाकण परत लावतो आणि म्हणतो, ‘भाऊ, नवा घ्या, हा परवडत नाही.’

आता या दोघांचं आयुष्य बघा. चांगलं पॅनेल नीट सांभाळलं तर आठ-दहा वर्षं सहज चालतं. मधे पट्ट्या गेल्या तर त्या बदलता येतात. त्या बोर्डातला कॉम्प्युटर मात्र तीन-चार वर्षांत दमतो. स्वस्त टीव्हीत बहुतेक वेळा १ जीबी रॅम आणि ८ जीबी जागा असते. अ‍ॅप दरवर्षी जड होत जातात, बोर्ड आहे तेवढाच राहतो. मग रिमोटचं बटण दाबलं की चित्र हलायला वेळ लागतो, जागा भरल्याचा निरोप येतो, आणि एक दिवस एखादं अ‍ॅप चालणंच बंद होतं. हे काही आपल्याकडच्या स्वस्त टीव्हींपुरतं नाही. २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी यंत्रणा बंद केली, तेव्हा २०१२ आणि त्याआधीच्या कित्येक नामांकित स्मार्ट टीव्हींवरचं यूट्यूब गेलं. पडदे ठणठणीत होते, पण जे बघायला टीव्ही घेतला तेच दिसेना.

विहीर बांधली की दोन पिढ्यांना पुरते, पंप मात्र दर काही वर्षांनी बदलावा लागतो. म्हणून कोणताही शेतकरी पंप विहिरीच्या बांधकामात चिणून टाकत नाही. स्मार्ट टीव्हीत नेमकं तेच केलेलं असतं.

आपल्या तालुक्याच्या गावांतल्या कारागिरांनी यावर आपापल्या परीने वाट काढली आहे. पॅनेल चांगलं असेल तर ते मूळ बोर्ड काढून ‘युनिव्हर्सल’ बोर्ड बसवतात आणि टीव्ही पुन्हा चालू होतो. पडदा कॉम्प्युटरपेक्षा जास्त जगतो, याला आणखी पुरावा कशाला? या कारागिरांना कोणतीही कंपनी नकाशे देत नाही, सुटे भाग देत नाही. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी तिथे दुरुस्तीची माहिती द्यावी, म्हणजे ग्राहकाला दुरुस्ती सोपी व्हावी, हा हेतू. मेन बोर्ड सुटा विकत मिळेल असा टीव्ही एखाद्या मोबाइल कंपनीने काढला, तर माझा विरोध तिथेच संपेल.

कॉम्प्युटरवाल्यांनी टीव्ही करून पाहिला नाही असं नाही. अ‍ॅपलने १९९३ मध्ये ‘मॅकिंटॉश टीव्ही’ काढला. काळ्या रंगाचा, १४ इंची पडद्याचा, कॉम्प्युटर आणि टीव्ही एकाच पेटीत. एका वेळी एक तर कॉम्प्युटर चालायचा, नाहीतर टीव्ही. काम करता करता कोपऱ्यात बातम्या बघाव्यात, तर ते जमायचं नाही. जेमतेम दहा हजार नग निघाले आणि काही महिन्यांत तो बंद झाला. पुढे २००२ मध्ये गेटवे या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीने ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही २,९९९ डॉलरना आणून खळबळ उडवली, कारण तेव्हा बाकीच्यांचे दर त्याहून पुष्कळ जास्त होते. पाठोपाठ डेल आली, एचपी आली. काही वर्षांत तिघीही त्या धंद्यातून बाहेर पडल्या. पडद्यांचे भाव दर सहा महिन्यांनी घसरत होते, गोदामात पडून राहिलेला माल रोज स्वस्त होत होता, आणि पॅनेल दुसऱ्याकडून विकत घेणाऱ्याच्या हाती नफा उरत नव्हता.

अ‍ॅपलने यातून धडा घेतला असं मी मानतो. २००७ मध्ये तिने बाजारात आणली ती एक छोटी डबी. कोणत्याही कंपनीच्या पडद्याला जोडा आणि बघा. पुढे कित्येक वर्षं ‘आता अ‍ॅपलचा स्वतःचा टीव्ही येणार’ अशा बातम्या येत राहिल्या. शेअर बाजारातले मोठे मोठे लोक त्यावर अंदाज बांधत होते. तो टीव्ही आजवर आलेला नाही. डबी आहे, तिच्या नव्या आवृत्त्या येतात. जुनी झाली की ग्राहक डबी बदलतो, भिंतीवरचा पडदा तसाच राहतो.

आपल्या देशात २०१८ च्या फेब्रुवारीत शाओमीने ५५ इंची टीव्ही ३९,९९९ रुपयांना आणला. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. मोठ्या पडद्याचा भाव त्यामुळे मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आला आणि जुन्या कंपन्यांनाही आपले दर खाली आणावे लागले. मग त्या वाटेने वनप्लस, रिअलमी असे बाकीचे मोबाइलवालेही आले. वनप्लसचा पहिला टीव्ही २०१९ मध्ये आला आणि चार-पाच वर्षांतच कंपनीने इथला टीव्हीचा धंदा आवरता घेतला. मोबाइल आपण तीन वर्षांत बदलतो, तेव्हा कंपनी गेली तरी फार बिघडत नाही. टीव्ही दहा वर्षांसाठी असतो. कंपनी चौथ्या वर्षी गेली तर उरलेली सहा वर्षं सॉफ्टवेअर कोण देणार, बोर्ड कुठून आणायचा? येताना या कंपन्या भाव खाली आणतात ते आपल्या फायद्याचं. जाताना होणारं नुकसान मात्र एकट्या ग्राहकाच्या माथी पडतं.

मराठी वाचकाने यासोबत व्हिडिओकॉनही आठवावी. धूत कुटुंबाची, औरंगाबादच्या मातीत वाढलेली ही कंपनी. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिने जपानच्या तोशिबाच्या साहाय्याने रंगीत टीव्ही बनवायला सुरुवात केली, आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या किती घरांत पहिला रंगीत टीव्ही तिचाच आला! टीव्ही हा तिचा हातखंडा होता. पुढे ती तेल-वायूत गेली, डीटीएचमध्ये गेली, मोबाइल सेवेत गेली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले, त्यात तिचेही होते. लिलावात पुन्हा काही स्पेक्ट्रम घेतला, तो २०१६ मध्ये एअरटेलला विकावा लागला. कर्ज वाढत गेलं आणि जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. टीव्ही उत्तम येणारी कंपनी मोबाइलच्या धंद्यात गेली आणि तिचं असं झालं. उलट दिशेने येणाऱ्यांवर आपण डोळे मिटून विश्वास का ठेवावा? फरक एवढाच की व्हिडिओकॉनचा पिक्चर ट्यूबचा जुना सेट कंपनी गेल्यावरही गावातला कारागीर दुरुस्त करू शकत होता. फ्लायबॅक, आयसी हे कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळायचं. आजच्या टीव्हीत कंपनीचं सॉफ्टवेअर थांबलं, तर युनिव्हर्सल बोर्ड बसवण्यापलीकडे कारागिराकडे औषध नाही.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. कॉम्प्युटरवाल्याचा धंदा पडदा विकून संपत नाही. तुम्ही काय बघता, किती वाजता बघता, कुठे थांबता ही माहितीही त्याला हवी असते, कारण ती जाहिरातदाराला विकता येते. २०१७ मध्ये अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीला २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. लोक काय बघतात ते तिने १ कोटी १० लाख टीव्हींमधून, त्यांना न विचारता, टिपून घेतलं होतं. आपल्याकडचं प्रकरण वेगळ्या बाजूचं आहे. अँड्रॉइड टीव्हीच्या अटींबाबत दोन वकिलांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगापुढे गुगलविरुद्ध चौकशी झाली. एप्रिल २०२५ मध्ये गुगलने २०.२४ कोटी रुपये भरून आणि टीव्ही बनवणाऱ्यांना प्ले स्टोअर वेगळ्या परवान्याने द्यायचं मान्य करून ती मिटवली. टीव्हीच्या डोक्यावर ताबा कोणाचा, यासाठी मोठमोठ्या कंपन्या भांडतात यावरूनच ओळखा, त्या एवढ्याशा बोर्डाची खरी किंमत किती आहे.

मग दुकानात गेल्यावर करायचं काय?

आधी चित्र बघा. दुकानदार त्याच्या पेन ड्राइव्हवरचा झगमगीत व्हिडिओ लावतो, त्यात सगळेच टीव्ही छान दिसतात. त्याला साधा बातम्यांचा चॅनेल लावायला सांगा आणि माणसांचे चेहरे बघा. थोडं बाजूला उभं राहून बघा, कारण घरात सगळे काही समोरासमोर बसत नाहीत. आवाज ऐका. एचडीएमआयची भोकं किती ते मोजा, किमान दोन तरी हवीत, एक छत्रीच्या सेट टॉप बॉक्सला आणि एक अ‍ॅपच्या डबीला किंवा स्टिकला. डीडी फ्री डिशवर चालणाऱ्या घरालाही हे लागू आहे.

अ‍ॅपची यादी, बोलून चालणारा रिमोट, यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. तेच सगळं तीन-चार हजारांच्या स्टिकमध्ये मिळतं, आणि ती जुनी झाली की तेवढीच बदलायची. ३२ इंचांत साधा, स्मार्ट नसलेला टीव्ही अजून मिळतो. मोठ्या आकारात तो मिळणं अवघड झालं आहे. तेव्हा स्मार्ट घ्यावा लागला तरी हरकत नाही. त्याला वायफाय न जोडता स्टिक लावून वापरता येतो. जोडायचाच असेल तर पहिल्यांदा चालू करताना पडद्यावर येणाऱ्या परवानग्यांना सरसकट ‘हो’ म्हणू नका. बघण्याची माहिती गोळा करण्याची आणि जाहिरातींची परवानगी नाकारली तरी टीव्ही चालतो.

सर्व्हिस सेंटरचं तर आधी विचारा. ऑनलाइन घेत असाल तर पिनकोड टाकून फक्त माल पोचतो का एवढंच बघू नका. ४४४५०५ ला माल पोचणं आणि ४४४५०५ ला मेकॅनिक पोचणं यात फार अंतर आहे. कंपनीच्या नंबरवर फोन लावून विचारा: मानोऱ्याच्या किंवा मालेगावच्या खेड्यात माणूस घरी येतो का, की टीव्ही अकोल्याला न्यावा लागतो? उत्तर गुळमुळीत आलं तर ती कंपनी कितीही मोठी असो, सोडून द्या. सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार हेही विचारा. बहुतेकांना सांगता येणार नाही, पण शंभर ग्राहकांनी विचारलं की दुकानदार ते वर कळवतो.

‘शून्य टक्के व्याज’ या पाटीला भुलू नका. अशा योजनांत व्याज कुठेतरी लपवलेलं असतं म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना त्यावरून फटकारलं होतं. प्रोसेसिंग फी किती, रोख घेतला तर किती कमी, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून मागा. आणि आपल्याकडची लाइट कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. व्होल्टेज कमीजास्त झाल्याने जळालेला बोर्ड अनेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून स्टॅबिलायझर लावा. मृगात विजा कडाडू लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगही काढा आणि छत्रीची केबलही.

एवढं करूनही फसगत झाली तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने ग्राहकाला मोठी सोय करून दिली. कंपनी मुंबईची असो की बंगळुरूची, टीव्ही दुकानातून घेतलेला असो की ऑनलाइन, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे वाशिमलाच करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची.

फक्त त्यासाठी हातात कागद हवा. तेव्हा या हंगामात टीव्ही घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख मारून घ्या, आणि दुकानदाराने तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन त्याच बिलाच्या मागे त्याच्या सहीने लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.