तीन वेळा सांगितलं होतं...

सीन असा. सोमवारची सकाळ, कॉन्फरन्स रूम, एसी नको इतका थंड. बॉस क्लायंटसमोर प्रेझेंटेशन देतोय आणि सातव्या स्लाइडवरचा आकडा चुकलाय. एक शून्य जास्त पडलंय. तुम्हाला दिसलंय, शेजारच्यालाही दिसलंय. तुम्ही घसा खाकरता, ‘सर, ते जरा...’ एवढंच पुटपुटता. सर पुढच्या स्लाइडवर! मग तुम्ही मान खाली घालून कॉफी ढवळत बसता. आपल्याला काय करायचंय? अप्रेझल तोंडावर आलंय.

माझ्या बाबतीत हे घडलंय. त्या शून्याची भरपाई आमच्या टीमने दोन रात्री जागून केली, विषय संपला. कुणी मेलं नाही.

२२ मे २०१० ला मंगळूरमध्ये १५८ माणसं मेली. आणि तिथेही ‘सर, ते जरा’ म्हणणारा एक जण शेजारच्याच खुर्चीत होता. तो पुटपुटला नव्हता. चांगला तीन वेळा स्पष्ट बोलला होता.

एअर इंडिया एक्स्प्रेसची दुबई-मंगळूर फ्लाइट. बोइंग ७३७, आत १६६ जण. रात्री मंगळूरहून दुबई आणि तसंच उलटपावली पहाटे परत, अशी ती ड्यूटी. नाइट शिफ्ट केलेल्यांना वेगळं सांगायला नको. पहाटेच्या त्या तासांत शरीर संपावर जातं, मग तुमचं पद काहीही असो. कॅप्टन अनुभवी, दहा हजार तासांहून जास्त उडालेला. कॉकपिटमधल्या रेकॉर्डरवर शेवटचे दोन तास पाच मिनिटं सापडली. त्यातला पहिला एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेला होता. घोरण्याचा आवाज टेपवर आहे.

इथे लगेच ‘झोपला कसा?’ म्हणून तोंड वाकडं करू नका. वीसेक मिनिटांच्या डुलकीने माणूस ताजा होतो, पण दीड तासाच्या गाढ झोपेतून उठलं की डोकं बराच वेळ जागेवर नसतं. डोळे उघडे, मेंदू बंद. शास्त्रज्ञ त्याला ‘स्लीप इनर्शिया’ म्हणतात. आपण त्या अवस्थेत फार तर चहात मीठ टाकतो. कॅप्टनला विमान उतरवायचं होतं, तेही मंगळूरला. तिथली धावपट्टी डोंगराचा माथा कापून केलेली, ‘टेबलटॉप’. टोकाच्या पुढे थेट दरी.

त्यात विमानतळाचं रडार दोन दिवसांपासून बंद. त्यामुळे विमानाला नेहमीच्या जागेवरून खाली यायची परवानगी मिळाली नाही आणि ते धावपट्टीसमोर आलं तेव्हा जितक्या उंचीवर असायला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होतं.

अशा वेळी काय करायचं, हे प्रत्येक पायलटला पाठ असतं. गो-अराउंड! म्हणजे इंजिनाला जोर द्यायचा, पुन्हा वर जायचं, एक फेरी मारून नीट यायचं. खर्च दहा-पंधरा मिनिटं आणि थोडं इंधन. को-पायलट तीन वेळा तेच म्हणाला. धोक्याची सूचना देणारं यंत्रही कॉकपिटमध्ये कोकलत होतं. कॅप्टनने नाक खाली दाबून विमान तसंच उतरवायला घेतलं. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती सुमारे ५,२०० फुटांवर. पुढे उरले २,८०० फूट.

आता यापुढचा भाग वाचून मी खरंच पुस्तक मिटल्यासारखा गप्प बसलो होतो. इतकं होऊनही विमान थांबू शकलं असतं! पूर्ण ताकदीने ब्रेक लावले असते तर ते ७,६०० फुटांवर उभं राहिलं असतं, असा हिशोब चौकशीत निघाला. पण वेग कमी करायला सुरुवात केल्यावर कॅप्टनचा विचार बदलला आणि त्याने पुन्हा उडायचा प्रयत्न केला. जे हवेत करायचं होतं ते जमिनीवर, आणि तेव्हा फार उशीर झालेला. विमान दरीत कोसळलं. आठ जण वाचले.

चौकशीचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. अहवालात मुख्य दोष कॅप्टनकडे गेला, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच अहवालातली दुसरी एक गोष्ट मला जास्त टोचते. को-पायलट बोलला, मग त्याने कंट्रोल्स हातात का घेतले नाहीत? तर को-पायलटला गो-अराउंड स्वतःहून सुरू करायचा अधिकार आहे का, याबद्दलच्या सूचनाच संदिग्ध होत्या. म्हणजे बोलायची मुभा होती, करायची होती की नव्हती ते कागदावर धड लिहिलेलं नव्हतं. ओळखीचं वाटतंय ना? ‘आमच्याकडे ओपन डोअर पॉलिसी आहे’ असं जॉइनिंगच्या दिवशी सांगतात, तसलंच हे.

बरं, ही गोष्ट जगाला २०१० मध्ये पहिल्यांदा कळली असंही नाही. १९७७ साली टेनेरीफच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली, ५८३ मृत्यू. टेक-ऑफ सुरू करणारा केएलएमचा कॅप्टन असा स्टार की कंपनीच्या जाहिरातीत त्याचाच फोटो. समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं का, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनीअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. त्याला घाई होती, कारण क्रूच्या ड्यूटीचे तास संपत आले होते. त्यानंतर जगभरात वैमानिकांना वेगळं ट्रेनिंग सुरू झालं. ज्युनिअरने ठणकावून बोलायचं आणि सीनिअरने ऐकायचं, हेही कौशल्य आहे असं मानून ते शिकवायला लागले.

आणि तरीही, मंगळूरनंतर दहा वर्षांनी, कोझिकोड. ७ ऑगस्ट २०२०, तीच एअरलाइन, तसलीच टेबलटॉप धावपट्टी, धो धो पाऊस. लॉकडाऊनमध्ये अडकलेल्यांना दुबईहून घेऊन येणारं विमान. कॅप्टन दीपक साठे म्हणजे हवाई दलात नाव कमावलेले टेस्ट पायलट. पहिल्या प्रयत्नात त्यांनी गो-अराउंड घेतला होता, कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या वेळी पाठीमागून वारा, चाकं टेकली ती जवळजवळ अर्धी धावपट्टी संपल्यावर. को-पायलटने ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं. दोघे वैमानिक आणि १९ प्रवासी गेले.

पेपरात ‘पायलटची चूक’ अशी हेडलाइन आली. चूक होतीच. पण अहवालात आणखी खाली उतरलं की एक साधा, एचआर छापाचा मुद्दा सापडतो. कोझिकोडच्या बेसवर २६ को-पायलट आणि कॅप्टन फक्त एक! साठेंना दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच पुढची फ्लाइट न्यायची होती. विमान दुसऱ्या विमानतळावर वळवलं असतं तर ती फ्लाइट कोण नेणार? अंधारात, पावसात, वायपरचा भरवसा नसलेल्या काचेमागे बसलेल्या माणसाच्या डोक्यात उद्याचं रोस्टर होतं. ते रोस्टर करणाऱ्याचा आवाज कुठल्याच टेपवर नसतो.

त्या रोस्टरवर लक्ष ठेवणं डीजीसीएचं काम. पायलटला आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती, रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर, असे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. पूर्ण लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. पुढच्याच महिन्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या नियमांसाठी लागणारं नियोजन कंपनीने नीट केलं नव्हतं. बॅगांच्या ढिगांचे फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. मग काय झालं? नियामकाने कंपनीला रात्रीच्या ड्यूटीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. विमानं उडायला लागली, आपण खूष. सूट नेमकी कशातून दिली, तर झोपेतून, हे किती जणांनी वाचलं?

माझा मावसभाऊ को-पायलट आहे. (कुठल्या कंपनीत, ते सांगितलं तर तो मला घरात घेणार नाही.) त्याला विचारलं, कॅप्टनला अडवायची वेळ आली तर अडवशील? म्हणाला, ‘सिम्युलेटरमध्ये दर वेळी अडवतो.’ आणि खऱ्या विमानात? थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘बहुतेक कॅप्टन आता स्वतःच सांगतात, काही खटकलं तर बोल म्हणून. जो सांगत नाही त्याच्याबरोबर जास्त जागा राहतो.’ गो-अराउंड झालं की उतरताना प्रवासी त्याच्याकडे असे बघतात म्हणे, जणू हा बारावीत नापास झालाय. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. मीही तसंच बघितलंय एकदा, घड्याळाकडे हात करून.

त्या रात्री त्याला पहाटे चारचं रिपोर्टिंग होतं. साडेसातलाच जेवून तो आतल्या खोलीत झोपायला गेला. मावशीची सीरियल ऐन रंगात आली होती. तिने टीव्हीचा आवाज आधी कमी केला, मग दाराकडे बघून टीव्हीच बंद केला.