परिपत्रकापुरते नाते

समलिंगी विवाहांस मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या त्या निकालात, विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. मतभेद झाला तो पुढच्या पायरीवर. विवाह नाही तर निदान सहजीवनास कायद्याने ओळख द्या, असे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांचे म्हणणे. उरलेल्या तिघांना ते पटले नाही आणि प्रश्न संसदेच्या दारात जाऊन पडला. याचिकाकर्त्यांच्या पदरी आले ते सुनावणीदरम्यान केंद्राने दिलेले एक आश्वासन: मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू.

ती नेमायला सहा महिने लागले. १६ एप्रिल २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, अधिसूचना निघाली. लोकांकडून सूचना मागवण्यास सप्टेंबर उजाडला. दरम्यान काही परिपत्रके निघाली. समलिंगी जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांस नॉमिनी नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही, हे त्यांतले सर्वाधिक गाजलेले. पण आडकाठी होती कधी? या देशात कोणत्याही दोन सज्ञान व्यक्ती संयुक्त खाते उघडू शकत होत्याच. आपल्याच खिशातला रुमाल काढून आपल्यालाच भेट द्यावा, असा हा प्रकार. शिवाय नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या संपत्तीच्या खटल्यात समभागांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा बजावले. हिंदू वारसा कायद्यात समलिंगी जोडीदारास जागा नाही. मृत्युपत्र करून ठेवता येते, पण त्याला आव्हान देणारे नातेवाईक निघणारच नाहीत याची हमी कोण देणार?

याहून बोचणारे परिपत्रक आरोग्य खात्याचे. त्यास केरळमधील घटनेची पार्श्वभूमी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोची येथे एका तरुणाचा अपघाती मृत्यू झाला आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या जोडीदारास मृतदेह मिळावा म्हणून उच्च न्यायालयात जावे लागले. मृतदेह अखेर कुटुंबीयांकडे गेला. जोडीदाराला अंत्यदर्शनाची मुभा मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने राज्यांना लिहिले की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदारास मृतदेहावर दावा करता यावा. नसतील तर! म्हणजे कोचीच्या त्या जोडीदाराला या पत्राचा काडीचाही उपयोग झाला नसता. ज्याच्याशी संसार केला त्याचा नंबर, वर्षानुवर्षे तोंड न पाहिलेल्या काकाच्याही मागे. दिलासा म्हणून काढलेल्या कागदातच उतरंड पक्की केलेली आहे, आणि तो कागद उद्या दुसऱ्या कागदाने मागे घेता येतो.

हे सारे घडत असताना कार्यकर्ते स्वस्थ बसले नव्हते. फेरविचार याचिका दाखल झाल्या, जुलै २०२४ मध्ये न्या. संजीव खन्ना यांनी सुनावणीतून अंग काढून घेतल्याने त्या तेव्हा लटकल्या. दुसरीकडे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणाऱ्या २०१८ च्या निकालानंतर असंमत संबंधांपुरते उरलेले, जुन्या दंड संहितेतील कलम ३७७ पूर्णच गेले. परिणामी पुरुषावर पुरुषाने केलेल्या बलात्काराला आज बलात्काराचे कलम नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्रास त्वरेने निर्णय घेण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हा विषय संसदेचा म्हणून याचिका निकाली काढली. निकालानंतरच्या वर्षभरात नेपाळमध्ये लमजुंग जिल्ह्यात पहिल्या समलिंगी विवाहाची नोंद झाली आणि थायलंडने कायदाच केला.

महाराष्ट्राने या चळवळीकडे तिऱ्हाइतासारखे पाहावे, अशी स्थिती नाही. ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचे नियतकालिक १९९० मध्ये इथूनच निघाले, हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये मुंबईत आणि समपथिक ही संस्था २००२ मध्ये पुण्यात उभी राहिली. विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचे खासगी विधेयक २०२२ मध्ये लोकसभेत मांडले ते बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी. खासगी विधेयकांचे आपल्याकडे काय होते हे सर्वज्ञात आहे. पण राज्याचे हात बांधलेले नाहीत: विवाह आणि वारसा हे विषय समवर्ती सूचीत आहेत आणि सार्वजनिक आरोग्य तर राज्याच्याच अखत्यारीत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, त्यामुळे रुग्णालयांसाठीचा शासनादेश तेव्हा निघू शकत नव्हता. जाहीरनामे मात्र तेव्हा लिहायचे होते. सरकारी आणि पालिका रुग्णालयांत, रुग्णाने स्वतः लेखी नोंदवलेल्या व्यक्तीस भेटीचा, उपचारांची माहिती मिळण्याचा आणि मृत्यूनंतर देह ताब्यात घेण्याचा पहिला अधिकार असेल, एवढी एक ओळ त्यांत घालण्याची हिंमत कोणता पक्ष दाखवतो, हा प्रश्न होता. काँग्रेसने २०२४ च्या लोकसभेच्या जाहीरनाम्यात सहजीवनास मान्यता देणाऱ्या कायद्याचे वचन दिले होते. इथे विधानसभेला तो पक्ष सुळे यांच्या पक्षासोबतच लढत होता. सत्ता कोणाचीही असो, दिल्लीच्या समितीच्या अहवालापर्यंत या आदेशासाठी मंत्रालयाला थांबण्याचे कारण नाही.