मातीविना चारा आणि गांजाची बातमी



मागे एका गावी माती परीक्षणाच्या कामाला गेलो होतो. परत निघालो तोच एका घरची सून वाटेत आडवी आली. म्हणाली, "साहेब, जरा घराकडं येता का? मांडव मोडायचा का ठेवायचा, तेवढं सांगून जावा."

गोठ्यामागे बांबू आणि शेडनेटचा आडोसा होता. आत मांडणीवर ट्रे, आणि ट्रेमध्ये वीतभर वाढलेला मक्याचा लुसलुशीत चारा. माती चिमूटभरही नाही. दोन गायी आणि एका म्हशीचा उन्हाळा निभावा म्हणून बाईने बचत गटाचे कर्ज काढून ही सोय केली होती. सासऱ्यांनी मात्र हुकूम सोडला होता, "उद्याच्या उद्या हे काढून टाक. घरावर पोलीस आणशील!"

झाले असे की विमानतळावर 'हायड्रोपोनिक गांजा' पकडल्याची बातमी पारावर कुणीतरी मोठ्याने वाचली. आणि सुनेने ट्रे आणले तेव्हा दुकानदाराने तोच 'हायड्रोपोनिक' शब्द सांगितला होता!

आबांना मी हसलो नाही. बातमी खरी आहे. २०२४ आणि २०२५ साली बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या प्रवाशांकडे असा गांजा वरचेवर सापडला. पण हायड्रोपोनिक हे काही गांजाचे नाव नव्हे. मातीऐवजी पाण्यावर आणि पाण्यात विरघळलेल्या खतांवर पीक वाढवायचे, त्या पद्धतीचे ते नाव. ती आपल्याकडे नवीही नाही. १९४६ साली शोल्टो डग्लस या शास्त्रज्ञाने दार्जिलिंगकडे कालिम्पाँग भागात तिचे प्रयोग केले. ती 'बंगाल पद्धत' म्हणून ओळखली गेली. आणि आपल्या घरात मटकीला मोड आणतात, ते तरी मातीत कुठे आणतात? हा चारा म्हणजे त्याच मोडांची पुढची वाढ.

असा घोटाळा शिकल्यासवरल्या देशातही होतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २०१२ साली पोलिसांनी एका घरावर छापा घातला. घरमालकाने मातीविना बागेचे साहित्य विकत घेतले होते, आणि कचऱ्यात सापडलेला चहाचा ओला चोथा गांजा समजला गेला. घरात निघाली टोमॅटोची रोपे!

आता आपला कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. गुंगीकारक औषधी द्रव्यांचा कायदा १९८५ सालचा. परवानगीशिवाय गांजाचे झाड लावणे हा त्यात गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ते झाड कपाशीच्या ओळीत लावले, परसात लावले की पाण्याच्या ट्रेमध्ये लावले, गुन्हा तोच. उलट मका, मेथी, टोमॅटो मातीत लावा नाहीतर पाण्यावर वाढवा, या कायद्याची आडकाठी नाही. कायदा झाड कोणते ते पाहतो. ट्रे पाहत नाही.

याच कायद्यातली आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या जमिनीत कुणी चोरून गांजा लावल्याचे कळले, तर पोलिसांना ताबडतोब कळवणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. सरपंच आणि गावच्या कामगारांवरही ती जबाबदारी आहे. जाणूनबुजून गप्प बसणाराही अडकतो. भ्यायचेच तर इथे भ्या.

आबांचा गैरसमज फिटला, तसा सुनेचाही एक फेडावा लागला. एक किलो मक्याचा पाच-सहा किलो चारा होतो, म्हणजे खाद्य पाचपट झाले, असे तिला विकणाऱ्याने सांगितले होते. वाढते ते पाण्याचे वजन. मक्यातला कोरडा अंश मोड येताना थोडा घटतोच. म्हणून हा चारा कडबा आणि पेंडीच्या जोडीला द्यावा, त्यांच्या जागी नव्हे. हिरव्या चाऱ्याची टंचाई असेल तेव्हाच तो कामाचा. घरचा चांगला लसूणघास पिकत असेल तर या खटाटोपात पडू नये.

करणारांनी एवढे सांभाळावे. मका खाण्याचाच घ्यावा. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे चुकूनही वापरू नये. जनावराला विषबाधा होईल. दाणे धुऊन बारा ते चोवीस तास भिजवावे, ओल्या बारदानात बांधून मोड आणावेत, मग ट्रेमध्ये पातळ थर पसरावा. दिवसातून अनेकदा थोडे थोडे पाणी फवारावे, पण ते ट्रेमध्ये साचू देऊ नये. सात-आठ दिवसांत चारा तयार होतो. काळी-पांढरी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर तो चारा उकिरड्यावर टाकावा, गव्हाणीत नव्हे. दर खेपेला ट्रे घासून उन्हात वाळवावेत.

उठता उठता आबांनी विचारले, "मग म्हशीला किती घालायचा?" मी म्हटले, "पहिले चार दिवस थोडा थोडा घालून सवय लावा, आणि दुधाची व मक्याच्या खर्चाची वही ठेवा. दोन महिन्यांनी वही घेऊन या, मग ठरवू." मांडव तूर्त राहिला आहे.

तुमच्या गावातही अशी काही धास्ती पसरली असेल, तर मांडव मोडण्याआधी तालुक्याच्या कृषी कार्यालयात येऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.