एकाच पॅनेलवर वीज आणि गरम पाणी : लोणावळ्याचा हिशेब वेगळा

लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेल, लॉज व बंगलेवाल्यांना विजेचा आणि गरम पाण्याचा खर्च चुकत नाही. एकाच सोलर पॅनेलमधून दोन्ही मिळते म्हटल्यावर कोणालाही मोह पडेल. आमचे म्हणणे एवढेच, की सौदा करण्यापूर्वी पाणी किती तापवायचे ते ठरवावे.

पॅनेलवर पडणाऱ्या उन्हाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याचीच वीज होते. उरलेल्यापैकी बहुतेकाची उष्णता होते. पॅनेल तापले की वीज घटते. २५ अंशांच्या पुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के, म्हणजे ६५ अंशांवर १२ ते १६ टक्के घट. संयुक्त यंत्रणेत पॅनेलच्या पाठीमागे नळ्यांतून पाणी फिरवतात. पाणी उष्णता घेते, पॅनेल निवते आणि वीज वाढते.

मेख पुढे आहे. पाणी ६० अंशांवर न्यायचे तर पॅनेल त्याहून गरम हवे. मग वाढीव वीज कुठली? शिवाय वरून जादा काच नसेल तर बरीच उष्णता वाऱ्यावर जाते. ३०-३५ अंशांचे पाणी पुरेसे असेल, तेथे मात्र हा माल खरा उपयोगी : बंगल्यांचे पोहण्याचे तलाव, मशिदीत थंडीच्या दिवसांतले वजूचे पाणी, किंवा बंबात जाणारे पाणी आधी कोमट करणे. आंघोळीच्या कढत पाण्यासाठी नेहमीचा सोलर हीटर वेगळा बसवलेला बरा.

दुसरी गोष्ट पावसाची. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. गिऱ्हाइकांची गर्दीही याच दिवसांत, आणि ऊन नेमके याच दिवसांत नसते. म्हणून गॅस किंवा विजेची जोडसोय ठेवावीच लागते. पूर्वेकडे वडगाव, तळेगावला पाऊस बराच कमी. तेथला हिशेब घाटमाथ्याला लावू नये.

या यंत्रणेत वायरमन आणि प्लंबर दोघांचे काम एकाच छपरावर येते. आमच्या कारागीर बांधवांनी दोन्ही कामे शिकून घेतली, तर दुरुस्तीचा रोजगार गावातच राहील. खरेदीदारांनी वीज किती आणि कोणत्या तापमानाचे किती लिटर पाणी, हे महिनावार लेखी घ्यावे. जुलैचा आकडा आधी विचारावा.